बॅटरीच्या पाण्यात थोरली

मी माझ्या थोरल्या आईला रोमन नाणं समजून बॅटरीच्या पाण्यात भिजत घातलं, आणि मग दात घासायच्या ब्रशने घासून घासून साफ धुऊन काढलं.

छपाईत काही गडबड झाली असं वाटेल. झालेली नाही. गडबड माझ्याकडूनच झाली आहे, आणि ती नीट सांगितल्याशिवाय कोणाचा विश्वास बसणार नाही.

थोरली आई म्हणजे आमच्या वडिलांची पहिली बायको. माझ्या ताईला जन्म देऊन ती बाळंतपणातच गेली. तिचा फोटो कुठेही नाही. वडिलांनी दुसरं लग्न केलं, ती माझी आई. आम्ही दोघंही तिला मायच म्हणायचो. दुसरेपणावर आलेल्या बाईने पहिलीचा टाक गळ्यात घालायचा, ही आमच्या घरची रीत. टाक म्हणजे चांदीच्या पातळ पत्र्यावर ठोकून उठवलेली आकृती, मागून लाख भरलेली, साधारण रुपयाएवढी. देव्हाऱ्यात कुळदैवताचे असतात तसाच, फक्त हा मेलेल्या सवतीचा. आधी तिला हळदकुंकू लावायचं, मग स्वतःला. नवं लुगडं आधी तिला दाखवायचं, मग नेसायचं. मायने हे जन्मभर केलं. माय गेली तेव्हा बायकांनी टाक तिच्या गळ्यातून काढला आणि तो माझ्याकडे देव्हाऱ्यात आला.

आता ताईही नाही. ती असती तर ही गोष्ट तिनेच सगळ्यांना सांगितली असती, आणि माझ्यापेक्षा चांगली सांगितली असती.

ताईच्या किडन्या गेल्या होत्या. अल्लीपूरहून वर्धेला दवाखान्यात यायची, मशीनवर झोपायची, परत जायची. एक दिवस तिने मुलाला सांगितलं, आता पुरे, मी घरीच राहते. याचा अर्थ सगळ्यांना कळत होता. मग तिचा मला फोन आला.

"बाबू, मायच्या गळ्यातला टाक तुह्याकडं आहे ना?"

"आहे की. देव्हाऱ्यात."

"थो घेऊन येजो. मले हातात पायजे. अन् लवकर येजो, तुह्या सवडीनं नोको येऊ."

मी फोन ठेवला आणि गहिवरलो. बिचारीने जन्मात आई पाहिली नाही, निदान आता शेवटी तिला तिचं तोंड पाहायचं आहे, असं बायकोला सांगितलं. सांगताना समोरच्या टेबलावर ती थोरली आई रोमच्या बादशहांच्या रांगेत चकचकीत होऊन पडली होती, आणि तिच्याखाली चिठ्ठी होती: 'चांदी, विजयादेवी, दुर्मिळ'.

आता बादशहा कुठून आले ते सांगतो.

मी जन्मभर विजेचे मीटर वाचले. जिन्याखालचे, गोठ्यातले, कोळिष्टकांच्या मागचे. काच इतकी मळलेली असायची की आतला आकडा तीन की आठ हे मलाच ओळखता यायचं, आणि मी ओळखलेलं चूक निघालं की गिऱ्हाईक ऑफिसात भांडायला यायचं. रिटायर झाल्यावर डोळ्यांना काम उरलं नाही. तशातच नागपूरला एका नाण्यांच्या प्रदर्शनात गेलो. तिथे एका दुकानदाराच्या तबकात काळपट खडे होते, चिवड्यातल्या जळक्या शेंगदाण्यांसारखे. तो म्हणाला, "काका, रोमन आहेत. जमिनीतून निघाले तसेच. आपणच धुवायचे, आपणच ओळखायचे." मी एक पुडी घेतली. मळाखालचं वाचणं हा तर माझा धंदाच, असं मला वाटलं.

घरी बायकोने पुडी उघडून पाहिली.

"लोकं रिटायर झाले का तीर्थाले जातात. तुमी नागपूरले गेले अन् खडे घेऊन आले."

"खडे नाहीत. बादशहा आहेत आत."

"मंग घाला त्यायले आंघोळ. पण माह्या मोरीत नाई."

पहिल्या नाण्याला मी चिंच लावली. पूजेचा तांब्या चिंचेने कसा लखलखतो हे लहानपणापासून पाहिलेलं. नाणंही लखलखलं. बादशहा, अक्षरं, मागचं चित्र सगळं चिंचेबरोबर गेलं आणि तांब्याची गुळगुळीत चकती उरली. मी तिचा फोटो काढून नाणी जमवणाऱ्यांच्या फोनवरच्या ग्रुपवर टाकला. तिथे एक जाणकार आहेत, सगळ्यांना उत्तरं देतात. त्यांनी लिहिलं, 'काका, हे नाणं होतं. आता वॉशर आहे. नळाला बसवा.'

मग त्यांनीच शिकवलं. आंबट काही लावायचं नाही. नाण्यावर शेकडो वर्षांत जी हिरवी-तपकिरी साय धरते, तिच्यातच अक्षरं टिकलेली असतात, खाली काही नसतं. माती काढायची, साय ठेवायची. डिस्टिल्ड वॉटरमध्ये भिजवायचं, म्हणजे आपलं इन्व्हर्टरच्या बॅटरीत घालायचं पाणी. दर काही दिवसांनी पाणी बदलायचं, मऊ ब्रश फिरवायचा, बांबूच्या काडीने कोपरे टोकरायचे, आणि बाकी वेळ गप्प बसायचं. हे शेवटचं मला कधी जमलं नाही.

ओळखायचं शास्त्र वेगळं. बादशहाच्या डोक्यावर किरणांसारख्या टोकांचा मुकुट असेल तर जुना, कपाळाला फीत असून मागे तिची टोकं लोंबत असतील तर नंतरचा. नंतरच्या बादशहांमध्ये बाप आणि मुलगे असे आहेत की सगळ्यांची नावं एकाच अक्षराने सुरू होतात आणि निम्मी अक्षरं तीच. मागच्या बाजूला दोन शिपाई, मध्ये निशाणाचा खांब. खांब दोन असले तर वेगळी वर्षं, एक असला तर वेगळी. एका दुपारी माझ्या भिंगाखाली असे दोन शिपाई हळूहळू वर आले.  बायकोला हाक मारली. तिने चष्मा लावून निरखून पाहिलं.

"हे तं दोन बाया मुसळानं कांडून राह्यल्या."

"शिपाई आहेत ते! रोमन!"

"असतील. पण कांडून राह्यले."

तेव्हापासून मला ते नाणं शिपायांचं दिसत नाही.

नाणी उघड्या वाटीत ठेवली की पाण्यात मुंग्या पडत. घट्ट झाकणाचं भांडं हवं होतं. देव्हाऱ्याच्या खालच्या खणात मायचा पितळी कुंकवाचा करंडा होता. झाकण असं बसायचं की उघडायला नखं मोडावीत. आत डोकावलो तर तळाला वाळलेल्या कुंकवाचा थर. म्हटलं, भिजेल आणि सुटेल. नाणी ओतली, पाणी ओतलं, झाकण लावलं. त्या थरात टाक रुतून बसलेला होता. मी स्वतःच तो मायच्या करंड्यात ठेवला होता, आणि विसरलो होतो.

पाणी बदलायला गेलो तर पाणी लालभडक. मी ग्रुपवर लिहिलं, 'पाणी लाल होत आहे. लाल माती, बहुधा युरोपच्या दक्षिणेकडची.' ते पाणी मोरीत ओतून दिलं. पुढच्या वेळी नाणी मोजली तर एक जास्त. दुकानदार हिशेबात चुकला असं समजून मी खूश झालो, आणि ही गोष्ट बायकोपासून लपवली. त्या जास्तीच्या नाण्याचा कोपरा पांढरा चमकत होता. चांदी! पुडीत सगळी तांब्याची, आणि त्यात एक चांदीचं. मला दोन रात्री झोप लागली नाही.

चांदीला मात्र खायचा सोडा चालतो, असं वाचनात आलं होतं. पोळ्या गुंडाळायचा चंदेरी कागद ताटलीत पसरला, त्यावर नाणं, सोडा, वरून गरम पाणी. फेस आला. तांबडी-पिवळी साल सुटून वर तरंगली. मागच्या बाजूचं काळं काहीतरी मऊ पडलं, ते मी सुईने कोरून काढलं. दोन हजार वर्षांची राळ, असं चिठ्ठीवर लिहूनही ठेवलं. वर तुटक्या कडीचा खुंट होता. त्यावरून मी तर्क केला की हे नाणं भारतात येऊन कोणीतरी बाईने गळ्यात घातलेलं असणार. सगळ्या प्रकरणात माझा हा एकच तर्क बरोबर निघाला.

पुढच्या बाजूला एक उभी बाई होती. नेसूचा काठ दिसायचा, वर उचललेला हात दिसायचा, तोंड मात्र सपाट. रोमन लोकांची विजयादेवी, मी ठरवून टाकलं. तोंड वर यावं म्हणून मी ब्रश मारत राहिलो. ते येईना. जाणकारांनी फोटो पाहून लिहिलं, 'काका, मागून पोकळ आहे ना? मग हे नाणं नाही. ठशावर ठोकलेला पत्रा आहे. घरात कोणाला तरी विचारा.' मला राग आला. मी लिहिलं की आपला अभ्यास मोठा असेल, पण वस्तू माझ्या हातात आहे.

यानंतर दोन-तीन दिवसांनीच ताईचा तो फोन. गहिवरून झाल्यावर मी बायकोला म्हटलं, टाक काढून दे, उद्याच जातो. ती देव्हाऱ्याकडे गेली आणि परत आली.

"मायचा करंडा कुठी आहे?"

"माझ्याकडे. नाणी भिजवलीत त्यात."

तिने एकदम माझ्याकडे पाहिलं नाही. आधी टेबलाकडे पाहिलं. रांगेतल्या शेवटच्या चकतीपाशी तिची नजर थांबली.

"त्यात टाक होता."

मी चिठ्ठीवरची चकती उचलली. मला आठवतं, तेव्हाही मी ती कडेने धरली, बोटाचे डाग पडू नयेत म्हणून.

"तुमाले ओळखू नाई आला?" ती इतकंच म्हणाली. त्या दिवशी ती मला एकही टोमणा मारायला आली नाही, आणि तेच मला जास्त जड गेलं.

खरं तर ओळखू यावा कसा? तो मायच्या पदराआड असायचा, कुंकवाने माखलेला, एखाद्या गुठळीसारखा. आणि तो तिच्या गळ्यात होता तोवर मी तिच्या गळ्याकडे कधी पाहिलं नव्हतं. जेवायला काय आहे ते विचारायला मी तिच्याकडे पाहायचो.

सकाळी अल्लीपूरला जायच्या ऐवजी मी सराफ्यात गेलो. माझ्या डोक्यात एक भन्नाट बेत होता. सोनाराला म्हटलं, असाच दुसरा टाक हवा, पण तोंड नीट असलेला. वर्णन सांगायला लागलो तर त्याने हात वर केला, खालचा खण ओढला आणि एक पितळी ठोकळा काढला. त्यावर उलट्या कोरलेल्या आकृत्या होत्या: देवी, घोड्यावरचा देव, नाग, आणि कडेला एक उभी बाई.

"सवत ना? ही."

"नाही, आमची थोरली..."

"काका, सगळ्यांची हीच असते."

मी ठोकळ्याकडे पाहत राहिलो. लहानपणी सणावाराला न पाहताच पाया पडून जिला आम्ही थोरली म्हणत आलो, तिचं तोंड सोनाराच्या खणात होतं आणि दुसरेपणावर आलेल्या कितीतरी बायकांच्या गळ्यात तेच असणार. मला आधी वाईट वाटलं, मग हायसं वाटलं. माझं काम तर सोपंच झालं होतं. थोरली जशी तेव्हा होती तशीच आता मिळणार होती, नाकाडोळ्यांसकट. त्याने चांदीचा पत्रा ठोकून दिला, मागे लाख भरली. घरी येऊन मी त्यावर तेल चोळलं, हळद चोळली, कुंकू चोळलं, गॅसच्या आचेवर जरा धरला. जुना दिसायला लागला. माती काढायची आणि साय ठेवायची हे जाणकारांनी शिकवलं होतं, खोटी साय चढवायची मी माझा मी शिकलो. जुना टाक रुमालात गुंडाळून दुसऱ्या खिशात ठेवला, कशासाठी ते मलाही माहीत नव्हतं. एसटी पकडली.

ताईच्या घरी छपरीत तिची सून कोथिंबिरीच्या जुड्या बांधत बसली होती. ताई आत खाटेवर. पाय सुजलेले, तोंड एवढंसं झालेलं. मला पाहून म्हणाली,

"ये. तू तं माह्याहून म्हातारा दिसून राह्यला. जेवला का?"

मी नवा टाक तिच्या तळहातावर ठेवला. चेहरा शक्य तितका गंभीर केला. ताईने तो पाहिलाच नाही. मूठ मिटली, अंगठा आत सरकवला आणि फिरवला. एकदा, दोनदा. मग मूठ उघडली.

"हिले नाक आहे."

"काय?"

"नाक आहे हिले. नथ बी आहे. कोणाची बाई घेऊन आला रे तू?"

मी मीटर वाचायला घरोघर जायचो तेव्हा कुत्री अंगावर आली की जे वाटायचं ते वाटलं. मग सांगून टाकलं सगळं. पुडी, करंडा, लाल पाणी, सोडा, विजयादेवी, सोनार. सून छपरीतून उठून दारात येऊन उभी राहिली. ताई शेवटपर्यंत ऐकत होती.

"कायनं धुतलं म्हणतं?"

"बॅटरीचं पाणी. मग खायचा सोडा."

"साबण नाई लावला?"

"नाही."

"लावाचा होता. थोच काऊन सोडला? अन् जुना कुठी आहे?"

मी दुसऱ्या खिशातला रुमाल सोडला. तिने जुना टाक घेतला, पुन्हा तसाच अंगठा फिरवला आणि मान हलवली. हाच, असं. मग तो नाकाजवळ नेला. बराच वेळ धरला. नाकाजवळून काढला आणि पुन्हा नेला.

"वास नाई," ती म्हणाली.

मी रिकाम्या रुमालाची घडी घालत बसलो.

"माय मले कुशीत घेऊन निजवे," ती म्हणाली. माझ्याशी नाही, वर छताकडे पाहत. "तू तवा झालाबी नव्हता. मी तिच्या पदरात हात घालून हे चोळत राहो. चोळू चोळू नाक मीच घासलं हिचं. माय म्हणे, चोळ बाई, तुहीच माय आहे थे. मंग हुंगत हुंगत झोप लागे. कुंकू, खोबऱ्याचं तेल अन् मायचा घाम. माय गेली त्या दिवशीबी मी हुंगून पाह्यलं होतं. होता तसाच वास."

"मला वाटलं, तुला थोरलीचं तोंड पाहायचंय."

"थोरलीले मी कुठी पाह्यलं रे? मले माय पायजे होती."

माय तिची सावत्र होती आणि माझी सख्खी. रोज पहाटे आंघोळ करून ओल्या बोटाने तिने त्या चकतीला कुंकू लावलं, दर दिवशी चिमूटभर, आणि तेच साठून साठून त्यावर साल धरली होती. ती साल मी गरम पाण्यावर तरंगताना पाहिली होती आणि चमच्याने काढून टाकली होती. वास कसला येतोय ते तेव्हा मी पाहिलंसुद्धा नाही. मी तोंड शोधत होतो.

ताईने सुनेला कुंकू आणायला सांगितलं. सुनेने करंडा माझ्यापुढे धरला. मी टाकाला कुंकू लावलं, पण घासलेल्या चांदीवर ते बसेना. सरकून ताईच्या तळहातावर सांडलं. पुन्हा लावलं, पुन्हा सांडलं. "राहू दे," ताई म्हणाली, आणि मूठ मिटून घेतली.

त्यानंतर ताई उन्हाळा निघेपर्यंतसुद्धा राहिली नाही. तिला नेताना सुनेने तिच्या मुठीत एक टाक ठेवला. जुना की नवा, मी पाहायला पुढे गेलो नाही. कोणी मला विचारलं असतं तर मी चुकीचाच ओळखला असता.

त्या दुपारी मात्र मी बराच वेळ खाटेच्या कडेला बसून होतो. मला रडू येत होतं, आणि ताईसमोर रडलो तर ती हसेल म्हणून मी भिंतीकडे तोंड करून बसलो. सुनेने चहा आणला. मी तो गार होईपर्यंत हातात धरला, कसाबसा प्यालो. काहीतरी करायला हवं म्हणून उठलो आणि उष्टा कप घेऊन विसळायला मागच्या मोरीकडे निघालो. ताईने डोळे न उघडता हाक मारली.

"बाबू, कप ठेव तिथं. तू आता काईच धुवू नोको."